पीडित व्यक्तीच्या मनाची तपासणी : कायद्याचे संरक्षण कोठवर?

आपल्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आज वकिली, पोलीस खाते, परिचर्या, अध्यापन आणि समाजकार्य या क्षेत्रांत कार्यरत आहेत. गावात किंवा वस्तीत कोणावर अन्याय झाला की पहिला फोन बहुधा यांच्यापैकीच कोणाला तरी येतो. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही एक कायदेविषयक प्रश्न निवडला आहे. त्याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. पण तो पुढे उभा राहिला की सुशिक्षित कुटुंबेही गांगरून जातात. प्रश्न असा : गुन्ह्याला बळी पडलेली व्यक्ती खरे बोलते की खोटे, हे ठरविण्यासाठी तिची मानसशास्त्रीय तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला देता येतो काय? आणि असा आदेश मागितला गेला, तर तिला नकार देता येतो काय?

हा केवळ वकिलांच्या अभ्यासाचा विषय नाही. अत्याचाराची फिर्याद दिल्यावर बचाव पक्षाकडून येणारी काही वाक्ये आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. मुलगी लहानपणापासूनच विक्षिप्त आहे, बाईच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे, पोराला कल्पना रचून सांगण्याची खोड आहे. अशा वाक्यांना वैद्यकीय कागदाचा आधार मिळाला, तर खटल्याचा रोखच बदलतो. आरोपीने काय केले हा प्रश्न मागे पडतो आणि फिर्यादीच्या मनात काय बिघाड आहे, हा प्रश्न पुढे येतो.

आमच्या अभ्यासातून जी गोष्ट स्पष्ट झाली, ती आरंभीच सांगतो. आपल्या कायद्यात पीडिताचे मन हे इजा झालेले स्थान म्हणून येते. त्या इजेची नोंद करावी, तिच्यावर उपचार करावेत, तिची भरपाई द्यावी, असे कायदा सांगतो. पीडिताच्या खरेपणाचे मोजमाप करण्यासाठी ते मन तज्ज्ञाच्या किंवा यंत्राच्या स्वाधीन करावे, असे तो सांगत नाही. हा भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढील सर्व कलमे सहज उलगडतील.

हाथरस आणि सेल्वी

१४ सप्टेंबर २०२० रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात दलित समाजातील एका तरुणीवर हल्ला झाला. २९ सप्टेंबरला दिल्लीच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला आणि पोलिसांनी रात्रीच अंत्यसंस्कार उरकले. देशभर संताप उसळल्यावर २ ऑक्टोबरला राज्य शासनाने काही पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले. त्याच वेळी असेही जाहीर केले की, आरोपी व पोलीस यांच्याबरोबर पीडितेच्या बाजूच्या लोकांचीही नार्को आणि पॉलिग्राफ चाचणी केली जाईल. कुटुंबाने चाचणीला जाहीरपणे नकार दिला. मुलगी गमावलेल्या माणसांनी खरेपणा सिद्ध करण्यासाठी इंजेक्शन घ्यावे, ही अपेक्षाच किती विपरीत होती, हे त्या वेळी अनेकांच्या ध्यानात आले नाही. नकार दिला म्हणजे काहीतरी लपवीत असणार, अशी कुजबुजही झाली.

ही घोषणा न्यायालयाची नव्हती, शासनाची होती, हे नमूद केले पाहिजे. परंतु ती झाली त्याच्या दहा वर्षे आधीच सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले होते. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या पीठाने निर्णय दिला. न्यायालयापुढे तीन चाचण्या होत्या. नार्को चाचणीत पेंटोथालसारखे औषध शिरेतून देऊन माणसाला अर्धवट गुंगीत आणतात व त्या अवस्थेत प्रश्न विचारतात. पॉलिग्राफमध्ये, म्हणजे लोक ज्याला लाय डिटेक्टर म्हणतात त्या यंत्रात, श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरील घाम यांतील बदल टिपतात. तिसऱ्या चाचणीत डोक्याला तारा लावून, विशिष्ट शब्द किंवा चित्र पुढे आल्यावर मेंदूत उठणाऱ्या विद्युतलहरी मोजतात. या तिन्ही चाचण्यांमागे एकच गृहीतक आहे : माणसाच्या इच्छेला वळसा घालून त्याच्या मनातील गोष्ट बाहेर काढता येते.

न्यायालयाने सांगितले की, कोणत्याही व्यक्तीवर या चाचण्या बळजबरीने करता येणार नाहीत. फौजदारी तपासात नाही आणि अन्य कारणासाठीही नाही. आरोपीच्या बाबतीत आधार होता संविधानाच्या अनुच्छेद २० (३) चा, ज्यानुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. सर्वांच्या बाबतीत आधार होता अनुच्छेद २१ चा, म्हणजे जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा. निकालपत्रात न्यायालय पीडितांकडेही वळले. तपास लवकर व्हावा ही गरज कितीही मोठी असली, तरी गुन्ह्याचा बळी ठरलेल्या व्यक्तीला अशा चाचणीची सक्ती करता येणार नाही. तसे करणे म्हणजे तिच्या मानसिक खासगीपणावरील असमर्थनीय आक्रमण होईल आणि तिच्यावर आणखी कलंक लागेल, असा त्या विवेचनाचा आशय आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांचा उल्लेख न्यायालयाने विशेषत्वाने केला.

येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे, कारण वादविवादात तो हमखास सुटतो. अनुच्छेद २० (३) आरोपीसाठी आहे. पीडित व्यक्ती साक्षीदार असते, आणि साक्षीदाराला शपथेवर प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात, उलटतपासणीला सामोरे जावेच लागते. तिचे संरक्षण मौनाच्या हक्कातून येत नाही. ते तिच्या देहाच्या व मनाच्या स्वायत्ततेतून, अनुच्छेद २१ मधून येते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केल्यावर हा आधार अधिकच भक्कम झाला. आरोपी आणि पीडित या दोघांनाही एकाच निकालाने संरक्षण मिळावे, याचे काहींना नवल वाटते. आम्हांला त्यात विसंगती दिसत नाही. आरोपीच्या मनावर जबरदस्ती करू द्यायची मोकळीक तपास यंत्रणेला दिली, तर ती उद्या फिर्यादीच्या दारात येणारच. हाथरसला ती आलीही.

स्वेच्छेने चाचणी देण्याची मुभा सेल्वी निकालाने ठेवली आहे. पण त्यासाठी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली पॉलिग्राफसाठी घालून दिलेल्या सूचना पाळाव्या लागतात. वकिलाची मदत मिळाली पाहिजे, चाचणीचे शारीरिक, मानसिक व कायदेशीर परिणाम समजावून सांगितले पाहिजेत आणि संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदविली गेली पाहिजे. एवढे करूनही चाचणीचा निष्कर्ष स्वतः पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. पोलीस ठाण्यातील बाकावर बसवून घेतलेली सही ही संमती नव्हे.

संशयाचे मूळ

फिर्यादी स्त्रीच्या मनाची तपासणी करावी ही कल्पना आली कोठून? तिचा एक ठळक उगम अमेरिकेत सापडतो. जॉन हेन्री विग्मोर हे पुराव्याच्या कायद्यावरील तेथील सर्वांत वजनदार ग्रंथकार. त्यांच्या ग्रंथाच्या १९४० च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी असे मत मांडले की, लैंगिक गुन्ह्याची फिर्याद देणाऱ्या स्त्रीचा वा मुलीचा सामाजिक इतिहास आणि मानसिक घडण योग्य वैद्यकाने तपासल्याशिवाय न्यायाधीशाने असा खटला ज्युरीपुढे जाऊच देऊ नये. लक्षात घ्या, चोरीची किंवा मारहाणीची फिर्याद देणाऱ्याला ही अट नव्हती. १९८३ मध्ये ले बीनेन या अभ्यासिकेने विग्मोर यांचे संदर्भ मुळातून तपासले. त्यांनी आधारासाठी घेतलेल्या वैद्यकीय प्रकरणांतील काही तपशील, मुलींच्या सांगण्याला दुजोरा देणारे तपशील, गाळले गेले होते, असे तिने दाखवून दिले. शास्त्राच्या नावाने पूर्वग्रह कसा टिकवला जातो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

त्या मताचा प्रभाव मात्र दीर्घकाळ राहिला. १९६६ साली बॅलर्ड प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, लैंगिक गुन्ह्यातील फिर्यादी स्त्रीची मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करविण्याचा आदेश देणे न्यायाधीशाच्या विवेकाधीन आहे, असे ठरविले. स्त्री संघटनांच्या चळवळीनंतर १९८० मध्ये तेथील विधिमंडळाने दंडसंहितेत कलम १११२ घालून, केवळ विश्वासार्हता जोखण्यासाठी अशी तपासणी करविण्यास न्यायालयांना मनाई केली. इलिनॉय राज्याचे कलम याहून थेट आहे : कायद्यात वा तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या नियमांत स्पष्ट तरतूद असल्याखेरीज, लैंगिक गुन्ह्याच्या पीडित साक्षीदाराला मानसोपचारविषयक किंवा मानसशास्त्रीय तपासणी करून घेण्याचा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

भारतात असे एका वाक्याचे सरळ कलम नाही. ही उणीव आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचे संरक्षण अनेक कायदे व निकाल यांच्या धाग्यांतून विणलेले आहे, आणि ज्याला धागे ठाऊक नाहीत त्याला ते वस्त्र दिसतच नाही.

आपल्याकडे संशयाने मनाऐवजी देहाची वाट धरली, हेही सांगितले पाहिजे. मथुरा खटला महाराष्ट्रातला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरविले. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, या वैद्यकीय नोंदीला त्या निकालात फार महत्त्व आले. ठाण्याच्या चार भिंतींत, खाकी वर्दीसमोर, गरीब आदिवासी मुलीने प्रतिकार का केला नसेल हे समजून घ्यायला वैद्यकीय अहवालाची गरज नव्हती. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ साली कायदा बदलला.

तरी दवाखान्यातील तथाकथित दोन बोटांची चाचणी पुढे कित्येक वर्षे चालूच राहिली. तिच्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी पीडितेच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी झारखंड राज्याच्या एका प्रकरणात तर, ही चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी मानली जाईल, असे बजावले. देहाच्या तपासणीची ही कहाणी येथे सांगण्याचे कारण असे की, मनाच्या तपासणीमागे तेच जुने गृहीतक उभे असते. फिर्यादीच्या शब्दाला स्वतःचे वजन नाही. ते दुसऱ्या कोणीतरी प्रमाणित करून द्यावे लागते.

आजचा कायदा

बलात्काराच्या पीडितेची वैद्यकीय तपासणी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ अन्वये होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १६४-अ होते. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. माहिती मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पीडितेला नोंदणीकृत डॉक्टरकडे पाठवावे लागते. तपासणीसाठी तिची, किंवा तिच्या वतीने संमती देण्यास सक्षम व्यक्तीची, संमती आवश्यक आहे आणि ती मिळाल्याची नोंद अहवालात करावी लागते. संमतीशिवाय केलेली कोणतीही तपासणी या कलमामुळे कायदेशीर ठरत नाही, असे कलमातच शेवटी म्हटले आहे.

याच अहवालात डॉक्टरने पीडितेच्या सर्वसाधारण मानसिक स्थितीची नोंद करावी, असे कलम सांगते. ही नोंद कशासाठी आहे, हे न समजल्यामुळे घोटाळा होतो. ती घाबरलेली आहे, गप्प आहे, रडते आहे, प्रश्न समजून उत्तर देते आहे, अशी त्या वेळची अवस्था नोंदविणे एवढाच तिचा हेतू. ती खरे बोलते की नाही, यावर मत देण्याचा अधिकार डॉक्टरला या रकान्यातून मिळत नाही. शांत बसलेल्या मुलीच्या अहवालात, तिच्यावर काही मानसिक आघात दिसत नाही, असे लिहिणारा डॉक्टर आपल्या कक्षेबाहेर जातो. प्रत्येक माणूस आघाताला सारखाच प्रतिसाद देत नाही. कोणी हंबरडा फोडतो, कोणी दगडासारखा बसून राहतो.

साक्ष देण्यास कोण पात्र, हे ठरविणारे कलम भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १२४ आहे, जे पूर्वी ११८ होते. कोवळे वय, अतिवार्धक्य, शरीराचा वा मनाचा आजार यांमुळे प्रश्न समजत नसतील किंवा त्यांची सुसंगत उत्तरे देता येत नसतील, तरच माणूस अपात्र ठरतो. मनोरुग्ण व्यक्तीही, तिला प्रश्न कळत असेल व उत्तर देता येत असेल तर, पात्र साक्षीदार आहे. हा निर्णय न्यायाधीशाने घ्यायचा असतो. प्रथेप्रमाणे तो मुलाला दोनचार साधे प्रश्न विचारतो : नाव काय, शाळा कोणती, खरे बोलायचे म्हणजे काय. रामेश्वर विरुद्ध राजस्थान या १९५१ अखेरच्या निकालात न्या. व्हिव्हियन बोस यांनी सांगितले होते की, खरे बोलण्याचे कर्तव्य मुलाला कळते असे आपले मत न्यायाधीशाने सकारण नोंदवून ठेवावे. म्हणजे पात्रतेची पहिली पारख न्यायासनावरच होते. न्यायाधीशाने तज्ज्ञाची मदत घेतली, तरी ती मुलाचे म्हणणे समजून घेण्यासाठी असते, त्याच्या शब्दाची किंमत ठरविण्यासाठी नव्हे. तो भेद पुसला जाऊ नये.

बालकांच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी पुढे जातो. कलम ३३ अन्वये मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते विशेष न्यायाधीशामार्फतच विचारावे लागतात. आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यहनन यांना मनाई आहे. मुलाला पुन्हापुन्हा न्यायालयात बोलावता येत नाही. कलम ३८ व ३९ मध्ये दुभाषा, विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ यांचा उल्लेख येतो, पण तो मुलाला बोलते करण्यासाठी, त्याच्या सोबतीसाठी. एकाच व्यवसायातील माणूस मदतनीस म्हणूनही उभा राहू शकतो आणि परीक्षक म्हणूनही; पॉक्सो कायद्याने त्याला मदतनीसाच्या जागी उभे केले आहे.

अपंगत्व असलेल्या पीडितांविषयी २७ एप्रिल २०२१ चा पटान जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश हा निकाल आपल्या वाचकांनी अवश्य समजून घ्यावा. पीडिता जन्मांध होती आणि अनुसूचित जातीची होती. आरोपीला तिने आवाजावरून ओळखले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपंग स्त्रीची साक्ष केवळ ती वेगळ्या रीतीने जगाशी व्यवहार करते म्हणून दुय्यम ठरत नाही. जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व एकत्र आल्यावर अन्यायाचे ओझे कसे वाढते, याचेही त्या निकालात सविस्तर विवेचन आहे. बलात्काराची शिक्षा कायम राहिली. ॲट्रॉसिटी कायद्याखालील दोषसिद्धी मात्र पुराव्याअभावी रद्द झाली. ही दुसरी बाजू सांगणे आम्ही आवश्यक समजतो, कारण निकालाचा अर्धाच भाग सांगून समाजाचे भले होत नाही.

मग मानसिक आजाराचा मुद्दा न्यायालयात कधीच उपस्थित होऊ शकत नाही काय? होऊ शकतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०५ नुसार, न्यायालयीन कामकाजात कोणाच्या मानसिक आजाराचा पुरावा दाखल झाला आणि दुसऱ्या पक्षाने त्याला आव्हान दिले, तर न्यायालय तो विषय मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे छाननीसाठी पाठविते. बचाव पक्षाचे अर्ज कधी कधी या कलमाचा आधार घेतात. परंतु आमच्या वाचनाप्रमाणे, मुळात आजाराचा पुरावा पुढे आलेला असला पाहिजे. वकिलाचा नुसता आरोप पुरेसा नाही. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी आहेत. कोणाची सामाजिक वा आर्थिक स्थिती, किंवा विशिष्ट सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटाचे सदस्यत्व, यांवरून मानसिक आजार ठरविता येत नाही. आणि आजाराचे निदान झाले एवढ्यावरून ती व्यक्ती विकल मनाची आहे असा अर्थ निघत नाही. कलम २३ उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देते. नैराश्याच्या गोळ्या घेणारी शिक्षिका दरोड्याची साक्ष देऊ शकते, तशीच अत्याचाराचीही देऊ शकते.

येथे दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांतील फरक ध्यानात ठेवावा. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, घटस्फोटाच्या दाव्यात सबळ प्रथमदर्शनी आधार असल्यास पक्षकाराच्या वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो आणि नकार दिल्यास प्रतिकूल अनुमान काढता येते, असे म्हटले आहे. त्या दाव्यात जोडीदाराची मानसिक स्थिती हाच वादाचा विषय असतो. फौजदारी खटल्यात वादाचा विषय आरोपीचे कृत्य असतो. कौटुंबिक न्यायालयातील हा निकाल फौजदारी न्यायालयात दाखविला गेला, तर हा फरक आपल्या वकिलाने ठामपणे मांडला पाहिजे.

आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचे

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली सुधारणा झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. तिने पीडित या शब्दाची व्याख्या कायद्यात आणली. शारीरिक, मानसिक, मानसशास्त्रीय, भावनिक किंवा आर्थिक हानी सोसलेली व्यक्ती, आणि तिचे नातेवाईक, पालक व वारसही, पीडित ठरतात. आरंभी आम्ही म्हटले की मन हे इजेचे स्थान म्हणून कायद्यात येते. ते येथे अक्षरशः लिहिलेले आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे या संरक्षणाचा लाभ त्यांनाही आहे. याविषयी अजूनही काही ठिकाणी अकारण शंका घेतली जाते.

याच सुधारणेने आलेले कलम १५-अ प्रत्येक माजी विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. पीडिताला न्याय्य, आदराची व प्रतिष्ठेची वागणूक मिळाली पाहिजे आणि वय, लिंग, शैक्षणिक मागासलेपण वा गरिबी यांमुळे निर्माण होणाऱ्या विशेष गरजांची दखल घेतली पाहिजे, असे ते सांगते. न्यायालयातील कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा, आणि जामीन, सुटका, शिक्षा तसेच त्यांच्याशी संबंधित कामकाजात म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे. हे हक्क ऐच्छिक नसून बंधनकारक आहेत, असे हरिराम भांभी प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २०२२ च्या जगजित सिंग प्रकरणात तर, फौजदारी प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क सर्वसाधारणपणेच मान्य केला.

याचा व्यवहारात उपयोग असा. पीडिताच्या मानसिक तपासणीसाठी अर्ज आला, तर प्रथम त्याची प्रत मागावी आणि तो कोणत्या कलमाखाली केला आहे ते पाहावे. पुष्कळदा अर्जात कलमच नसते. लेखी उत्तर देण्यासाठी वेळ मागावी. सरकारी वकिलाला मदत करण्यासाठी पीडिताला स्वतःचा वकील देता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कलम १५-अ (१२) नुसार स्वयंसेवी संस्था व समाजकार्यकर्ते यांची मदत घेणे हाही पीडिताचा हक्क आहे. तेव्हा, तुम्ही कोण, असे कोणी विचारल्यास आपल्या कार्यकर्त्यांनी हे कलम दाखवावे. उत्तरात सेल्वी निकाल, अनुच्छेद २१ आणि कलम १८४ ची संमतीची अट यांचा उल्लेख असावा. आणि मुख्य म्हणजे, नकार लपवू नये, तो कारणांसह नोंदवावा. जेथे कायदाच संमती मागतो, तेथे नकारातून खोटेपणाचा निष्कर्ष काढणे म्हणजे ती संमती निरर्थक करणे होय.

आरोपीचे काय, असा प्रश्न न्यायप्रेमी वाचक विचारतील. त्याच्या हाती उलटतपासणी आहे, कागदपत्रे आहेत, स्वतःचे साक्षीदार आहेत. पीडित पक्षाने मानसिक हानीच्या भरपाईसाठी स्वतःहून तज्ज्ञाचा अहवाल दाखल केला, तर त्या अहवालावर प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्कही आम्हांला मान्य आहे. खोट्या फिर्यादी होतात, आणि त्या याच मार्गांनी उघड्या पडतात.

एक शेवटची काळजी. हा लेख वाचून कोणी समुपदेशनालाच नकार देऊ नये. आघातानंतर मानसोपचार घेणे हा पीडिताचा हक्क आहे, आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना सरकारी तसेच खासगी रुग्णालयांनी मोफत प्रथमोपचार व वैद्यकीय उपचार देणे बंधनकारक आहे. उपचार करणारा आणि पुराव्यासाठी तपासणारा, या दोन भूमिका वेगळ्या आहेत एवढेच लक्षात ठेवावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतील नमुन्यात उपचारासाठी तपासणी, न्यायवैद्यक तपासणी, नमुने गोळा करणे आणि पोलिसांना कळविणे, यांची संमती वा नकार स्वतंत्रपणे नोंदविण्याची सोय आहे. दवाखान्यात एकच कोरा कागद पुढे केला गेला, तर सोबतच्या माणसाने हा नमुना मागावा आणि प्रत्येक ओळ पीडिताला तिच्या भाषेत वाचून दाखवूनच तिची सही होऊ द्यावी.